साइडपट्टी

घोटीहून त्र्यंबकला जाणारा रस्ता ज्याने पावसाळ्यात पाहिलाय, त्याला वर्णन करून सांगायला नको. दोन्ही बाजूंना भातखाचरं, मध्येच अप्पर वैतरणाचं पाणी, पुढे पहिन्याचे धबधबे आणि ढगात बुडालेला ब्रह्मगिरी. मुंबईच्या पेपरांत दर पावसाळ्यात ज्या सात तलावांची पातळी छापून येते, त्यातलाच एक हा अप्पर वैतरणा. पाणी मुंबईला, देखावा नाशिककरांच्या रविवारला, आणि खड्डे आपल्याला, असं आम्ही गमतीनं म्हणतो.

2027 च्या सिंहस्थामुळे या रस्त्याच्या रुंदीकरणाचा विषय निघाला आणि दोन बाजू पडल्या. एकीकडे रस्ता हवा म्हणणारे, दुसरीकडे झाडं हवीत म्हणणारे. सायकलवाल्यांची तिसरी बाजू कधी याच्या पंगतीत, कधी त्याच्या.

रस्ता व्हायला हवा, यात मला शंका नाही. बाळंतीण जीपमध्ये घालून दवाखान्यात न्यायची वेळ ज्याच्या घरी आली, त्याला खड्ड्यांचं कौतुक सांगू नये. प्रश्न आहे तो कसा करायचा याचा.

सायकलवाला म्हटलं की आता हेल्मेट घातलेला नाशिकचा माणूस डोळ्यांसमोर येतो. त्यात वाईट काही नाही. 2015 साली नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र या डॉक्टर महाजन बंधूंनी 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, तेव्हा आम्हालाही अभिमान वाटला होता. पण या रस्त्यावर त्यांच्या आधीपासून सायकल चालतेय. मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलवर दप्तर अडकवून शाळेत जाणाऱ्या मुली असतात. कॅन लटकवलेला दूधवाला असतो. आणि कॅरियरला पत्र्याची पेटी बांधून पाव-खारी विकणारे आमचे मामू होते. समृद्धी महामार्ग आमच्या शेजारून गेला, पण त्यावर सायकलच काय, मोटारसायकललाही बंदी. मुंबई-आग्रा रस्त्यावर कंटेनरची रांग. मग यांनी जायचं कुठून?

मामूंना मी विचारलं, "रस्ता चौपदरी झाला तर तुमच्यासारख्यांना बरं नाही का?"

"बेटा, रुंद रस्त्यावर गाडी आणखी जोरात येणार. मला रुंदी काय करायची? साइडपट्टी नीट द्या म्हणावं."

इंजिनिअरची भाषाही याहून फार वेगळी नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या मापात दोन पदरांचे 7 मीटर आणि दोन्ही कडांना दीड-दीड मीटर पक्की साइडपट्टी, असे 10 मीटर धरतात. त्या दीड मीटरवर सायकल चालते आणि पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघालेली दिंडीही चालते. फक्त ती डांबराला समपातळीत हवी. आपल्याकडे वर डांबराचा थर चढत जातो आणि कडेला वीतभर खड्डा राहतो. मागून हॉर्न वाजला की सायकलवाला त्यात उतरतो, म्हणजे पडतोच.

आणि 10 मीटरवर थांबलं तर बरीच झाडं वाचतात. मी अंजनेरीवरच्या दुर्मीळ कंदीलपुष्पाबद्दल बोलत नाही, त्याची काळजी घेणारे अभ्यासक आहेत. मी साध्या जांभळाबद्दल, उंबराबद्दल बोलतोय. एप्रिलच्या उन्हात सायकलवाल्याला साइडपट्टीइतकीच सावलीही लागते. झाड तोडून त्याच्यासाठी लेन केली तर दुपारी तिच्यावर कुणी फिरकणार नाही. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात पिंजऱ्यात गुलमोहर लावणं हा तर हिशेबच चुकीचा.

मोऱ्यांकडे कुणाचंच लक्ष नसतं. पहिल्या पावसात खेकडे आणि बेडूक रस्ता ओलांडतात, सकाळी डांबरावर त्यांचा चिखल झालेला असतो. मोरी रुंद ठेवली, तिचा तळ ओढ्याच्या तळाशी जुळवला, तर पाणीही जातं आणि त्यांतले बरेच जीवही खालून जातात. मोरी अरुंद ठेवली तर वरच्या शेतकऱ्याच्या खाचरात पाणी तुंबतं, मग तोच एका रात्री रस्ता फोडतो.

वाटेतला काटा-दगड बाजूला करणं हाही ईमानाचाच एक भाग, हे आम्हाला मदरशात शिकवलं होतं. आज वाटेतली इजा म्हणजे वेग. 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे पायी माणसं, सायकली आणि गाड्या एकत्र येतात तिथे ताशी 30 किलोमीटरची मर्यादा मागितली आहे. घाटाच्या वळणावर नाही जमणार कदाचित, पण गावातून आणि शाळेसमोरून रस्ता जातो तिथे तरी जमेल.

मोजणीवाले गावात येतात तेव्हा सातबारा कुणाच्या नावावर, एवढंच विचारतात. शाळा सुटायच्या वेळी त्यांनी अर्धा तास फाट्यावर उभं राहावं.