चार पिनांचा साक्षीदार

उंची जेमतेम सेंटिमीटरभर. अंग काळं, गोल, माथ्यावर मधोमध एक बारीक भोक. मागून दोन वायरी निघतात, बहुतेकदा एक लाल आणि एक काळी, आणि चार घरांच्या एका चपट्या टोपीत शिरतात. चारांपैकी कडेच्या दोनच घरांत वायर असते, मधली दोन रिकामी. कागदोपत्री नाव पीसी स्पीकर, पण दुकानात ‘मदरबोर्डचा बझर द्या’ म्हटलं की हाच हातावर येतो. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस अशा बड्या मंडळींच्या बिलात त्याची किंमत शोधूनही सापडायची नाही. हल्ली तर तो बिलातच नसतो.

मला तो फार मोलाचा वाटतो. नवा जोडलेला कॉम्प्युटर सुरू होत नाही, तेव्हा कॅबिनेटमधल्या सगळ्यांत याच्या शब्दावर भरवसा ठेवता येतो. पंख्यांवर ठेवता येत नाही. त्यांना १२ व्होल्ट मिळाले की ते फिरतात, प्रोसेसर जिवंत असो वा नसो. आरजीबीचे रंगीत दिवेही तसेच, वीज आली की लागतात. मशीन आतून काहीच करत नसताना बाहेरून अगदी जोमात दिसतं ते या दोघांमुळे, आणि पहिल्यांदा पीसी जोडणारा माणूस इथेच गोंधळतो.

याचं घराणं जुनं आहे. आयबीएमने १९८१ साली आपला पहिला पीसी, मॉडेल ५१५०, बाजारात आणला तेव्हा त्या पत्र्याच्या पेटीत सव्वादोन इंचांचा एक स्पीकर होता. इंटेलच्या ८२५३ या टायमर चिपचा एक चॅनल खास त्याच्यासाठी राखलेला होता. साउंड कार्ड सगळ्यांना परवडत नव्हतं त्या काळात डॉसवरचे गेम याच्याच तोंडून वाजत. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’तल्या लढाया कित्येकांनी ऐकल्या त्या याच्याच चिरक्या आवाजात. पुढे साउंड कार्ड आलं आणि गाणं-वाजवणं त्याच्याकडून गेलं. मूळची नोकरी मात्र त्याच्याकडेच राहिली.

ती नोकरी अशी. बटण दाबल्यावर मशीन आधी स्वतःची तपासणी करतं. पॉवर ऑन सेल्फ टेस्ट, थोडक्यात पोस्ट. त्या वेळी ग्राफिक्स जागं झालेलं नसतं, त्यामुळे मॉनिटरवर अक्षर उमटवायची सोय नसते. रॅम वापरण्याजोगी आहे की नाही हेच अजून ठरायचं असतं. विंडोज तर फार लांब. अशा अवस्थेत, प्रोसेसर आणि बायोसची चिप एवढ्याच शिदोरीवर, ड्रायव्हरविना बोलू शकतो तो हा. म्हणून निकाल सांगायचं काम त्याच्याकडे.

एक लहान बीप वाजली की पोस्ट पार पडलं. त्यापुढची त्याची बोली मात्र बायोसगणिक बदलते. एएमआयच्या जुन्या बायोसमध्ये तीन बीप म्हणजे सुरुवातीच्या ६४ केबी मेमरीत दोष, आठ बीप म्हणजे डिस्प्लेच्या मेमरीत. फीनिक्सचा बायोस गटागटाने बोलायचा, एक-तीन-चार-एक असं. अवॉर्डच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन लहान ही ग्राफिक्स कार्डची तक्रार. आसूसच्या अलीकडच्या बोर्डांवर तीच खूण ‘रॅम सापडत नाही’ असं सांगते आणि ग्राफिक्ससाठी एक लांब, तीन लहान वाजतात. तेव्हा बीप ऐकून कुठला तरी तक्ता उघडू नये. आपल्या बोर्डाच्या मॅन्युअलमधलं पान उघडावं.

गल्लीतल्या जुन्या मेकॅनिकना मॅन्युअलही लागत नसे. लांब बीप पुन्हापुन्हा यायला लागली की ते रॅम उपसत, तिची सोनेरी पट्टी खोडरबराने हलक्या हाताने घासत आणि दोन्ही बाजूंनी ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबून बसवत. असेंबल केलेल्या पीसींच्या त्या जमान्यात कितीतरी मशीनं एवढ्यावर उठून बसली.

पण याचा खरा स्वभाव कळतो तो तो गप्प असतो तेव्हा. बालरोगतज्ज्ञाला रडणाऱ्या मुलापेक्षा न रडणाऱ्याची काळजी जास्त वाटते, तसंच इथे आहे. बझर ओरडतोय याचा अर्थ वीज पोचली आहे, प्रोसेसर विचार करतोय, बायोस वाचला जातोय आणि दोष सापडलेलासुद्धा आहे. तो गप्प असेल तर यातलं एखादं तरी घडलेलं नाही. म्हणून जाणकार त्याला मुद्दाम ओरडायला लावतात. मशीन बंद करायचं, एसएमपीएसचा स्विच बंद करायचा, सगळी रॅम काढून टाकायची आणि पुन्हा चालू करायचं. बझरने रॅम नसल्याचा गलका केला की बोर्ड आणि प्रोसेसर यांच्यावरचा संशय जवळपास फिटतो. एवढ्याशा साक्षीने सगळ्यांत महागडे आरोपी सुटतात, हे मला दर वेळी विलक्षण वाटतं.

माझ्या भाच्याने पहिला पीसी जोडला तेव्हा त्याचा फोन आला, ‘‘मामा, पंखे फिरतायत, लाइट लागतायत, पण डिस्प्लेच येत नाहीये.’’ तोवर त्याने प्रोसेसर बदलून मागायचं मनाशी ठरवलंही होतं. घरी जाऊन बझर लावला. शांतता. मग बोर्डाची डावीकडची वरची कड बघितली. तिथे, प्रोसेसरशेजारी, त्याला स्वतंत्र वीज देणारं आठ पिनांचं सॉकेट असतं. ते रिकामं होतं. मोठा २४ पिनांचा कनेक्टर लावला की सगळी वीज पोचली असं वाटतं, पंखेही फिरतात, पण प्रोसेसर उपाशीच राहतो. ती वायर लावून बटण दाबलं आणि बझर बोलला, एक लांब, तीन लहान. भाच्याचा चेहरा पडला. मला मात्र हायसं वाटलं, कारण आता मशीन स्वतःहून सांगत होतं. मॅन्युअलप्रमाणे ती ग्राफिक्सची तक्रार होती, आणि त्याच्या प्रोसेसरच्या नावापुढे ‘एफ’ होता, म्हणजे प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, सगळी भिस्त कार्डावर. कार्डाची मागची बाजू स्लॉटमधून किंचित वर राहिली होती. खटका बसेपर्यंत ते दाबलं. पुढच्या वेळी एकच लहान बीप आली आणि पाठोपाठ पडदा उजळला. एकही भाग परत करावा लागला नाही.

सगळ्याच शांततेत इतक्या लवकर वाट सापडते असं नाही. कधी कॅबिनेटमध्ये नको त्या जागी राहिलेला पितळी स्टँडऑफ बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होतो. अशा वेळी बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा, रॅमची एकच पट्टी लावावी आणि पॉवर बटणाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडून बघावं. कधी प्रोसेसर बोर्डापेक्षा नवा असतो, जसं बी४५० बोर्डावर रायझन ५०००, आणि बायोस अपडेट होईपर्यंत बोर्ड त्याला ओळखतच नाही. डीडीआर५ रॅमच्या नव्या मशीनवर तर पहिल्या वेळी पडदा काही मिनिटं काळाच राहतो, कारण बोर्ड त्या रॅमशी जुळवून घेत असतो. तिथे घाईने बटण दाबून धरणं चूक आहे. थांबावं.

एक बीप झाल्यावर याची जबाबदारी संपते. त्यानंतर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा मजकूर पडद्यावर आला तर तो एसएसडीचा, बायोसमधल्या क्रमाचा किंवा विंडोजच्या पेनड्राइव्हचा प्रश्न. रॅम उपसायची गरज नाही. ‘पीसी चालू होत नाही’ या एका तक्रारीत दोन वेगळे आजार असतात आणि त्यांच्यातली हद्द ही एक बीप दाखवते.

आता त्याचे वारसदार आले आहेत. कित्येक बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार बारीक दिवे असतात, आणि जिथे तपासणी अडते तो दिवा पेटून राहतो. महागड्या बोर्डांवर दोन अंकांचा छोटा डिस्प्लेही असतो. हे दिवे चांगलेच आहेत, बीप मोजण्यापेक्षा सोपे. पण स्वस्तातल्या बऱ्याच बोर्डांवर ते नसतात आणि बझरही खोक्यात मिळत नाही. म्हणजे पैसे साठवून पहिला पीसी जोडणाऱ्या मुलाच्या, दुसऱ्या पार्टची किंमत ज्याला झेपणार नाही त्याच्याच मशीनला तोंड नसतं. दृष्टिहीन माणसाला तर त्या दिव्यांचा उपयोगच नाही, बीप त्याला ऐकू येते. एवढीशी वस्तू वाचवून कंपन्यांनी काय साधलं, हे मला खरंच पटत नाही. काही बोर्डांवर तर आता त्या चार पिनाही उरलेल्या नाहीत.

नवा पीसी जोडणार असाल तर बोर्ड घेण्यापूर्वी त्याच्या मॅन्युअलमध्ये फ्रंट पॅनलचं पान काढा आणि तिथे ‘स्पीकर’ लिहिलेल्या चार पिना आहेत का ते बघा. असतील तर पार्टच्या यादीत एक बझर वाढवा आणि पहिल्यांदा बटण दाबण्याआधीच तो लावून ठेवा.