पीळ ठरवते ती लांबी

रायफलीच्या पिळाची चर्चा आपल्याकडे नेहमी वजनावरून होते: अमुक ग्रेनच्या गोळीला तमुक पीळ. कान्ह्यात राहून मी नेमबाजांच्या रायफली तपासतो, दुरुस्त करतो. माझं ठाम मत आहे की पीळ ठरवते ती गोळीची लांबी. वजनावरून तिचा फक्त अंदाज येतो.

शेजारच्या वडगावला 1779 मध्ये मराठे आणि इंग्रज लढले, तेव्हा पायदळाच्या बंदुका गुळगुळीत नळीच्या होत्या. शिशाची गोल गोळी, तिला ना नाक ना बूड. ती उलटणार कशी? लांबट गोळी आली आणि प्रश्न उभा राहिला. हवेचा रेटा तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे, नाकाकडे लागतो आणि तिला उलटवू पाहतो. नळीतल्या मळसूत्री खाचा तिला भोवऱ्यासारखं गरगरवतात, म्हणून ती नाक पुढे ठेवून जाते. फिरकी कमी पडली, की कागदावर गोल भोकाऐवजी लांबट चीर उमटते. गोळी आडवी होऊन गेली, हे ती चीर पाहताच कळतं.

वुलिचचे गणिती ग्रीनहिल यांनी 1879 मध्ये पिळाचा, म्हणजे खाचांचा एक पूर्ण फेरा किती अंतरात व्हावा याचा, सोपा नियम दिला: व्यासाचा वर्ग गुणिले 150, भागिले लांबी. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलचं कांस्य जिंकलं. त्या प्रकारात .22 ची गोळी वापरतात. व्यास 5.7 मिलिमीटर, लांबी सुमारे 12. उत्तर येतं 406 मिलिमीटर, म्हणजे 16 इंचांत एक फेरा. या रायफलींचा प्रचलित पीळ जवळपास हाच आहे.

लांबीचा पुरावा मात्र लष्करी 5.56 मिलिमीटर रायफलींमध्ये मिळतो. जुनी 55 ग्रेनची गोळी 19 मिलिमीटरची; तिला 12 इंचांचा पीळ पुरायचा. नाटोनं 1980 मध्ये 62 ग्रेनची गोळी घेतली. तिच्या टोकात शिशापेक्षा हलकं पोलाद, म्हणून लांबी 23. तिच्या जोडीची ट्रेसर गोळी वजनानं जेमतेम दोन ग्रेन जास्त, पण लांबी तब्बल 29! त्या ट्रेसरसाठी अमेरिकेनं एम-16 चा पीळ 7 इंचांवर आणला. वजन पाहणाऱ्याला हा बदल समजणारच नाही.

छापील आकड्यावर विसंबू नये. रिकाम्या, तपासलेल्या रायफलीत मी घट्ट चिंधी लावलेला, मुठीत फिरणारा गज सरकवतो, त्यावर खूण करतो आणि एक पूर्ण फेरा होईतो तो किती आत गेला ते मोजतो.

आता युरोपात शिशावर बंधनं आणण्याचा विचार चालू आहे. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची, त्याच घडणीची तांब्याची गोळी साधारण पाव हिश्शानं लांब होते. तशी .22 ची गोळी स्पर्धेत आली, तर 16 इंचांचा पीळ अपुरा पडू शकतो. आपल्या प्रशिक्षकांनी आणि आर्मोररांनी याच्या चाचण्या आत्तापासून सुरू करायला हव्यात.