छप्पनची पणजी

गोव्यात ‘पणजी’ म्हटले की आधी राजधानीच आठवते. मी लिहितो आहे ती पणजी वेगळी, माझ्या आईची आजी. आईचे माहेर देवासचे, लग्न होऊन ती फोंड्याला आली. तिच्या माहेरी या आजीबद्दल एकच वाक्य बोलले जाई, तेही हळू आवाजात: “छप्पनची, धारच्या मोहताजखान्यातली.”

छप्पन म्हणजे विक्रम संवत १९५६, इसवी सन १८९९-१९००. माळव्यात दुष्काळ पडत नाही अशी त्या प्रदेशाची ख्याती. पावलोपावली भाकरी आणि पाणी मिळणारा मुलूख म्हणून मारवाड-मेवाडचे लोक पाऊस हुकला की गुरेढोरे घेऊन माळव्याची वाट धरत. त्या वर्षीही ते निघाले, पण पाऊस माळव्यातही हुकला होता. दुष्काळामागून पटकी आली. मध्य भारत एजन्सीची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे १ कोटी ३ लाख होती, ती १९०१ मध्ये सुमारे ८६ लाख भरली. एकट्या धार संस्थानात १९०१ साली १,४२,११५ माणसे मोजली गेली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कितीतरी कमी. आणि योग असा, की धारचे उदाजीराव पवार तेव्हा तेरा वर्षांचे होते, तर देवास थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव अकरा वर्षांचे. गादीवर मुले, कारभार दुसऱ्यांच्या हाती.

मोहताजखान्याची कल्पना मूळची आपली नव्हे. अन्नछत्र आपले, तिथे जेवायचे आणि पुढच्या वाटेला लागायचे. पण १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर जे नियम झाले, त्यांत मदत मागणाऱ्याची आधी परीक्षा होती. अंगात बळ असेल त्याने खडी फोडावी, तलावाची माती उपसावी. ज्याला ते जमत नाही आणि जो भटकत आला आहे, त्याने गरीबखान्याच्या आवारात राहावे, तिथेच शिजवलेले खावे. खरा गरजू असेल तोच हे सोसेल, असा त्यामागचा हिशेब. १८३४ च्या कायद्याने इंग्लंडात जी वर्कहाउसे पसरली, त्यांच्यामागे हाच संशय होता. आपल्याकडे त्यात जातीची भर पडली. कुणाच्या हातचे खाल्ले, या प्रश्नापायी माणसे मरायला टेकेपर्यंत आत जात नसत, आणि जी आत गेली ती पुढे त्याविषयी बोलली नाहीत. आजोळच्या त्या हळू आवाजाचे मूळ मला इथे दिसते.

वर्कहाउसमधले पूर्वज शोधणाऱ्या इंग्रज माणसाला निदान भरतीची वही मिळण्याची आशा असते. त्यात नाव, वय, कुठून आला, कधी गेला. संस्थानांच्या अहवालांत दुष्काळ येतो तो आकड्यांनी: इतकी माणसे कामावर, इतकी गरीबखान्यात. आम्हा गोमंतकीयांना याचे नवल वाटावे. आमच्याकडे देवळाच्या महाजनांची यादी असते, चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वह्या असतात. कागदावर नसलेला माणूस आम्हाला जरा खोटाच वाटतो.

धारमध्ये त्या काळी कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. मार्गारेट ओहारा काम करत. या मिशनने दुष्काळातली अनाथ मुले सांभाळली आणि त्याचे कागद टोरांटोला आहेत. पण पणजी मिशनकडे गेली नाही. धारला नोकरीत असलेल्या कुणा नातलगाने तिला घरकामाला आणले, मग ती देवासला आली आणि थोरल्या पातीच्या पागेत चाकरी करणाऱ्या माझ्या पणजोबांशी तिचे लग्न झाले, असे घरात सांगतात. उज्जैनच्या पंड्यांच्या वह्यांचाही मार्ग होता. ते आधी गाव आणि जात विचारतात, आणि आम्ही तर तेच शोधत होतो.

सुगावा लागला तो जेवणाच्या ताटात. आई सांगते, ताप आला की पणजी ‘सोगरा’ मागायची. देवासच्या घरात हा शब्द कुणालाच कळत नसे. ज्वारीची भाकरी पुढे केली की ती तोंड फिरवायची, पोरी हसायच्या. काही वर्षांपूर्वी मी जोधपूरला गेलो असताना एका साध्या खानावळीच्या फळ्यावर लिहिलेले वाचले: बाजरे का सोगरा. बाजरीची जाड भाकर, वर तूप. एका शब्दावरून माणसाचा मुलूख पक्का होत नाही हे मला कळते. पण पाच-सहा वर्षांचे पोर, आपले नावसुद्धा विसरलेले (पणजीचे नाव सासरी ठेवलेले), तापात जो शब्द उच्चारते तो ते मोहताजखान्यात शिकलेले नसणार. ती मारवाडातून चालत आलेल्यांपैकी असावी. धारपर्यंत तिच्याबरोबर कोण होते आणि त्यांतले किती पोहोचले, हे विचार मी आईजवळ बोललो नाही.

देवासचा मामा वंशावळ छापून घेतो आहे. सुनांच्या नावापुढे माहेरचे गाव आणि कूळ लिहायची त्याची पद्धत. पणजीच्या पुढे त्याने ‘धार’ एवढेच लिहिले होते. मी फोनवर म्हटले, मोहताजखाना, संवत १९५६, असे लिही. तो बराच वेळ गप्प राहिला. “मुलींची लग्ने व्हायचीत अजून,” म्हणाला. मी वाद घातला नाही. त्याला तिथे राहायचे आहे, मला नाही. आठवड्याने त्याचाच फोन आला: पणजीच्या हातावरचे गोंदण आईला आठवते का, ते विचार. आईने कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेवर पेन्सिलने काढून दिले. चार ठिपके, मधे विंचवासारखे काहीतरी. हात डावा की उजवा, यावर तिचे अजून नक्की होत नाही.