पोर्ट लुईत फ्रेंच जेवायचं कुठं?

मॉरिशसला निघालेल्या मैत्रिणीला आपण काय काय विचारतो! समुद्र कसा आहे, साड्या किती नेऊ, बरोबर चिवडा-लाडू घ्यावेत का. "तिथं फ्रेंच जेवण कुठं चांगलं मिळतं?" असं मात्र कुणी विचारत नाही. पण भगिनींनो, तुम्ही कधी पोर्ट लुईला गेलात, तर हे जरूर विचारा. या शहराची निम्मी ओळख त्याच्या जेवणात आहे. आणि ते जेवण फक्त बड्या हॉटेलांतच मिळतं, असं मुळीच नाही.

यजमानांच्या कामानिमित्त मला तिथं दहा दिवस राहायला मिळालं. मी शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते, म्हणून आधी थोडा इतिहास सांगते, कंटाळू नका हं! १७१५ साली फ्रेंचांनी हे बेट घेतलं. १७३५ साली आलेल्या ला बूर्दोने या गव्हर्नरानं पोर्ट लुई वाढवलं. १८१० साली इंग्रजांनी बेट जिंकलं. पण तिथल्या लोकांचे कायदे, धर्म आणि रीतिरिवाज तसेच राहतील, असं कबूल केलं. म्हणून राज्य गेलं तरी फ्रेंच भाषा राहिली आणि स्वयंपाकघरही राहिलं. पुढे १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून मजूर गेले. त्यांत आपल्या कोकणातलेही होते. ते जिथं उतरत, तो 'आप्रवासी घाट' बंदराजवळच आहे. २००६ साली तो जागतिक वारसा ठरला. तेव्हा एका ताटात फ्रेंच आणि हिंदुस्थानी हात एकत्र का दिसतात, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

सुरुवात सकाळी बेकरीतून करा. पाटीवर 'बुलांजरी' लिहिलेलं असतं. लांबट, कडक पापुद्र्याचा पाव गरम असतानाच घ्यायचा. रोजच्या पावाच्या किमतीवर तिथं सरकारचं नियंत्रण आहे, त्यामुळे तो गरिबालाही परवडतो. गोड हवं असेल तर 'पातिसेरी'त जा. तिथं 'नापोलितेन' मागा: दोन खुसखुशीत बिस्किटं, मध्ये जॅम आणि वर गुलाबी साखरेचा लेप. आपल्या नानकटाईची नटूनथटून आलेली मावसबहीणच म्हणा ना!

मग मध्यवर्ती बाजारात चला. तिथं 'गातो पिमाँ' विकत असतात. नाव फ्रेंच, अर्थ 'मिरचीचा केक'. हातात घेतलं तर चक्क आपला डाळवडा! वाटाण्याची डाळ भिजवून, वाटून, मिरची-कोथिंबीर घालून तळलेला. पण खायची तऱ्हा फ्रेंच: लोणी लावलेल्या पावात घालून. शेजारीच 'ढोल पुरी' मिळते. पुरणपोळीसारखीच, पण पुरणात गूळ नाही. दोन-दोनची जोडी कागदात गुंडाळून देतात, आत उसळ आणि चटणी. वर थंडगार 'आलूदा' प्या, म्हणजे आपला फालुदा. एवढ्यात पोट भरतं आणि पैसेही फार लागत नाहीत.

बसून जेवायचं असेल तर दुपार गाठा. शहराच्या जुन्या भागात कचेऱ्यांतल्या लोकांसाठी खाणावळी आणि छोटी रेस्तराँ आहेत. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की तो भाग ओस पडतो, रविवारी तर शुकशुकाट. रात्री जेवायचं तर बंदरावरच्या कोदाँ भागात जावं. दारात काळ्या पाटीवर खडूनं 'प्ला द्यु झूर' लिहिलेलं असतं, म्हणजे आजचा खास पदार्थ. तोच मागवा, ताजा असतो आणि स्वस्तही पडतो. आणखी एक लक्षात ठेवा. आपण ज्याला मेनू म्हणतो त्याला फ्रेंचमध्ये 'कार्त' म्हणतात. तिथं 'मेन्यू' म्हणजे ठरलेल्या किमतीत मिळणारं पूर्ण जेवण. किमतीत पंधरा टक्के कर धरला आहे की वेगळा, हे आधीच विचारा. तिथलाही रुपयाच, पण तो आपल्या रुपयापेक्षा महाग, म्हणून आकडा पाहून भुलू नका.

आता शाकाहारी भगिनींसाठी. 'सां व्हियांद' म्हणजे मांसाशिवाय, 'सां प्वासों' म्हणजे माशाशिवाय. पण एवढ्यावर थांबू नका. 'कीश लोरेन' दिसायला चीजची कचोरी, पण त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. कांद्याचं सूप भाज्यांचं वाटतं, ते बहुधा गोमांसाच्या पाण्यात केलेलं असतं. पुष्कळ रश्श्यांत वाइन असते. विचारायला लाजू नका. तिथं इंग्रजीही समजतं. निर्धास्त खायचं तर 'रातातुय', म्हणजे वांगी, टोमॅटो, भोपळी मिरचीची भाजी. किंवा 'शूशू'चं 'ग्रातँ' घ्या. शूशू ही दुधी आणि काकडीच्या मधली एक फळभाजी. उकडून, दुधाच्या दाट सॉसमध्ये घालून, वर चीज पसरून भट्टीत भाजतात. घरी आल्यावर मी दुधीचं करून पाहिलं. एरवी दुधी बघून नाक मुरडणाऱ्या मुलांनी भांडं चाटूनपुसून साफ केलं!

मासे खाणाऱ्यांनी 'व्हिंदाय' चुकवू नये. मोहरी, हळद, लसूण आणि व्हिनेगर लावून मुरवलेला मासा. हा आपल्या गोव्याच्या विंदालूचा भाऊ. दोघांचं मूळ पोर्तुगीज.

हे सगळं खरं. पण मला सर्वांत लक्षात राहिलं ते वेगळंच. फ्रेंच पद्धतीच्या जेवणात एकेक पदार्थ क्रमानं येतो आणि सगळे उठेपर्यंत सगळेच बसलेले असतात. पहिल्या दिवशी मी सवयीनं यजमानांच्या ताटलीत वाढायला उठले, तर वाढणाऱ्या मुलानं हसून मला बसायची खूण केली. गरम सूप मी गरम असताना प्याले! मनात आलं, लग्नाला बारा वर्षं झाली. पहिल्या पंगतीला, तव्यावरची पोळी माझ्या पानात कितीदा पडली असेल? तुम्हीही मोजून पाहा. तिथल्या एका मराठी घरी जेवायला गेलो, तर पाच पिढ्यांपूर्वी कोकणातून गेलेल्या त्या घरातल्या सूनबाईही टेबलाशी आमच्याबरोबरच बसल्या. भाताचं पातेलं मधोमध, ज्याला हवं त्यानं घ्यावं. घरात बोलणं क्रिओल भाषेत, पण गणपती मात्र आपल्यासारखाच बसतो. तिथं गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, बरं का!

परतल्यावर मी घरात एवढंच म्हटलं, की रविवारी पोळ्या आधी करून डब्यात ठेवेन आणि सगळ्यांबरोबर बसेन. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग माझंही पान तुझ्याशेजारीच मांड."