शिरपूर : एक तालुका, तीन शाळा

शिरपूर म्हटलं की काय आठवतं? 'शिरपूर पॅटर्न'! २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी इथले नाले रुंद आणि खोल करून पाणी जमिनीत मुरवलं आणि धुळे जिल्ह्यातल्या या तालुक्याचं नाव राज्यभर झालं. पण मुंबई-आग्रा हायवेने सावळद्याचा तापीवरचा पूल ओलांडून गावात शिरलात, की डोळ्यांत भरतात ते शाळा-कॉलेजांचे बोर्ड.

आर. सी. पटेल ट्रस्टचं फार्मसी कॉलेज १९९२चं, इंजिनिअरिंग २००१चं. शिरपूरचे अमरीशभाई पटेल विलेपार्ल्याच्या केळवणी मंडळाचे अध्यक्ष. त्यामुळे २००७मध्ये चक्क 'एनएमआयएमएस'चा कॅम्पसही इथे आला. पार्ल्यातला ब्रँड तापीकाठी, आहे ना भारी?

सकाळी गावात चक्कर मारा. टाय लावलेली पोरं स्कूलबसची वाट बघत असतात. घरात अहिराणी, वर्गात इंग्लिश. टोरंटोत म्हणे घर घेतानाच लोक कुठली शाळा वाट्याला येते ते बघतात. इथेही वेगळं काय? मुलांच्या शाळेसाठी खेड्यातलं घर सोडून तालुक्याला खोली घेणारी कुटुंबं खान्देशात काही कमी नाहीत.

पण 'सरकारी की प्रायव्हेट?' हा आपला शहरी हिशोब इथे जरा गडबडतो. कारण मधली एक मोठी जात आहे, अनुदानित शाळा. संस्था खासगी, शिक्षकांचा पगार सरकारी. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हायस्कूल म्हणजे बहुतेक वेळा हीच. शिवाय 'आरटीई'मुळे विनाअनुदानित खासगी शाळांत २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी असतात. २०२४च्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला होता : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या जागांतून सूट. जुलैमध्ये हायकोर्टाने तो रद्द केला. म्हणजे दार उघडं आहे.

आता हायवे सोडून बोराडीच्या दिशेने वळा. कापसाची शेतं मागे पडतात, सातपुडा जवळ येतो. पावरा आदिवासींचे पाडे सुरू होतात आणि बोर्ड संपतात. इथे चॉइस नावाची भानगडच नाही. पाड्यावर असते ती झेडपीची शाळा, नाहीतर घर सोडून आश्रमशाळेत राहायचं. पोरगं घरून पावरी बोलत येतं, पुस्तक मराठीत. पहिलीतला गुरुजी एका अर्थी परकी भाषाच शिकवत असतो. त्यात आईबाप मजुरीसाठी गुजरातला गेले, की पोरंही सोबत जातात आणि वर्ग अर्धा रिकामा.

म्हणून झेडपीच्या शाळेला नाकं मुरडू नका. धुळे जिल्ह्यातल्या झेडपी शाळा डिजिटल करायला न्यूयॉर्कमध्ये नोकरी केलेले हर्षल विभांडिक पुढे आले, तेव्हा गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढली. ज्यांच्याकडे फारसं काही नव्हतं त्यांनीही खिशात हात घातला. शाळा आपली वाटल्याशिवाय असं होतं का?

खरी काळजी वेगळीच आहे. २०२३मध्ये राज्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायची कल्पना मांडली. नमुना म्हणून पुढे आलं शेजारच्या नंदुरबारमधलं तोरणमाळ. मोठी शाळा, जास्त शिक्षक, लॅब : कागदावर सगळं छान. पण सहा-सात वर्षांच्या पोरीला पावसाळ्यात नाला ओलांडून तिथवर नेणार कोण? गाडी वेळेवर आली तर ठीक. नाही आली तर पहिली घरी बसते ती मुलगी.

शिरपूरने नाल्याचं पाणी वाहून जाऊ न देता जागेवर मुरवायला शिकवलं. शाळेचंही तसंच असावं. कॅम्पस हवेतच, पण पाड्यावरचा तो दोन खोल्यांचा वर्ग आधी टिकायला हवा.

कसं जाल? : धुळ्याहून एसटीने पन्नासेक किलोमीटर. रेल्वेने आलात तर नरडाणा जवळ.
काय खाल? : झणझणीत शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. पाण्याची बाटली हाताशी ठेवा!