रोम, खिशाला परवडेल तेवढं

रोममध्ये चार दिवसांत पाण्याला एक सेंटही लागला नाही. १८७४ पासून शहरात बिडाचे सार्वजनिक नळ आहेत, आज साधारण अडीच हजार. तोटी बोटाने दाबली की वरच्या भोकातून कारंजं उडतं. आईला तेवढीच गंमत.

सान लुइजी चर्चमध्ये काराव्हाज्जोची चित्रं फुकट, फक्त दिव्यासाठी पेटीत नाणं टाकायचं. वीसेक माणसं अंधारात उभी, जो तो दुसऱ्याच्या खिशाकडे बघतोय! शेवटी आईनेच टाकलं.

पँथिऑनला मात्र जुलै २०२३ पासून ५ युरो. रोमच्या रहिवाशांना माफ, प्रार्थनेला येणाऱ्यांनाही.

"मग हात जोडून जाऊ की," आई म्हणाली.

मला पटेना. तिकिटातले ७० टक्के सांस्कृतिक मंत्रालयाला, ३० टक्के रोमच्या धर्मप्रांताला जातात. आपल्यासारख्यांची गर्दी वर्षभर सोसणाऱ्यांना माफी आणि पाहुण्यांना तिकीट, यात मला तरी काही गैर दिसत नाही. (असहमत असाल तर कमेंटमध्ये भांडा.) पण दोघींचे दहा युरो म्हणजे आमचं रात्रीचं जेवण होतं, हेही खरं.

दिले. आत आई घुमटाच्या उघड्या भोकाखाली मान वर करून कितीतरी वेळ उभी. "पाऊस आला की गं?"

फरशीतली पाणी जायची भोकं दाखवली.

रात्री पाव आणि केळी.