आधी थांबे, मग फेऱ्या

खोपट, ठाणे (पश्चिम)

चि. भाचेबाईंस,


तू फोनवर पाठवलेलं तुझं नवं वेळापत्रक वाचलं. पहाटे पाचला उठायचं, व्यायाम, वीस पानं वाचन, डोंबिवलीहून लोकल, ऑफिस, परतीच्या गाडीत कानाला कोर्स, जेवण आणि मग रात्री साडेअकरापर्यंत पुन्हा लॅपटॉप. रंगबिरंगी चौकोन झकास केलेत. पण माझी सगळी नोकरी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून गाड्या सोडण्यात गेली. वेळापत्रक हातात आलं की मी आधी थांबे शोधतो. तुझ्या कागदावर एकही सापडला नाही. अशा वेळापत्रकावर मी गाडी सोडली नसती.

तुम्हा मुलांचा समज असा, की काम उरकलं की उरेल तो वेळ विश्रांतीचा. अगं, काम उरकतं कधी? खोपटच्या स्टँडवर कितीही गाड्या सोडा, पुढच्या गाडीला माणसं उभीच. म्हणून चालकाची विश्रांती आधी ठरते आणि फेऱ्या तिच्याभोवती बसवाव्या लागतात. मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 साली कायदा झाला, त्यातले आकडे आमच्या तोंडपाठ असायचे. साधारणपणे दिवसाला 8 तास, आठवड्याला 48. सलग 5 तासांपेक्षा जास्त काम नाही, त्याआधी किमान अर्धा तास विश्रांती. ड्युटी लागल्यापासून सुटेपर्यंत, मधली विश्रांती धरून, 12 तासांच्या वर पसारा नको. एक ड्युटी संपली की दुसरी लागेपर्यंत सलग 9 तास मोकळे. आणि सात दिवसांत एक दिवस सुट्टी. यात दयेचा भाग थोडाच होता. चालकाच्या पाठीमागे चाळीस-पन्नास जीव असतात आणि पुढे कसारा घाट असतो. डुलकी कोणालाच परवडत नाही.

तुझ्यामागे प्रवासी नाहीत, पण हे आकडे तुलाही जसेच्या तसे लागू पडतात. सकाळी साडेसातला घर सोडतेस ना? मग 12 तास तिथूनच मोज. तो कायदा घरापासूनचा प्रवास मोजत नसे, पण डोंबिवलीच्या गर्दीत लोकलला लोंबकळत जाणं मी तरी ड्युटीतच धरीन. म्हणजे संध्याकाळी साडेसातनंतर नवीन काम हातात घ्यायचं नाही. एखाद्या दिवशी अडलंच, तरी रात्री साडेदहाला लॅपटॉप बंद झालाच पाहिजे, तरच मधले 9 तास भरतात. पाचला उठायची हौस असेल तर खुशाल ऊठ, पण मग रात्री आठला सगळं आवरायचं. दोन्ही टोकं एकदम ओढता येत नाहीत.

दुपारचा अर्धा तास जागेवरून उठून घे. डबा एका हाताने आणि मेल दुसऱ्या हाताने, हे जेवण नव्हे. आणि परतीच्या गाडीत तो कोर्स बंद कर. खिडकी मिळाली तर बाहेर बघ, नाही मिळाली तर डोळे मीट. मी निवृत्त झालो तरी संध्याकाळी तलावपाळीला चालत जाऊन मासुंदा तलावाला फेरी मारतोच. फोन घरी ठेवतो. जग अजून चालू आहे.

आता एक सवय वाहकांकडून शिकण्यासारखी. शेवटची फेरी संपवून वाहक आगारात येतो, तिकिटांचा हिशेब जुळवतो, रोकड भरतो, मशीन जमा करतो. चालक गाडी लावताना ब्रेक कमी लागतो, डावीकडचा दिवा गेलाय, जे असेल ते लिहून देतो. मग रात्री कार्यशाळेतली माणसं ते बघतात. सगळं कागदावर आणि काउंटरवर देऊन झालं की दोघं मोकळे. हिशेब डोक्यात घेऊन घरी जाणारा वाहक मी फारसा पाहिला नाही. तूसुद्धा ऑफिसातून निघायच्या आधी दहा मिनिटं राखून ठेव. आज काय झालं, काय राहिलं, कुठे अडलंय आणि उद्या पहिलं काम कोणतं, एवढं एका वहीत लिही आणि वही तिथेच ड्रॉवरमध्ये टाक. रात्री दोनला दचकून आठवण्यासारखं मग फार काही उरत नाही.

तू म्हणशील, मामा, रोज असं कुठे जमतं? नाहीच जमत. घोडबंदर रोडवर कंटेनर आडवा झाला की भल्याभल्यांचं वेळापत्रक कोलमडतं. अशा दिवशी आमचा नियम साधा होता: तीन तास उशिरा आलेल्या चालकाला तसाच पुढच्या फेरीवर धाडायचं नाही. दुसरा चालक बघायचा, नाहीतर फेरी पुढे ढकलायची, फार तर रद्द करायची. प्रवासी ओरडायचे, मी ऐकून घ्यायचो. तुझ्याही दिवसात घोळ होणारच. तेव्हा झोपेतून वेळ कापू नकोस, एखादी फेरी रद्द कर. वीस पानं उद्या वाचलीस तर लेखक काही रागावणार नाही.

आठवड्याला 70 तास काम करा, असा सल्ला 2023 मध्ये एका मोठ्या उद्योजकांनी तरुणांना दिला आणि तो तुमच्या ग्रुपवर फिरतोय, असं तुझी आई सांगत होती. त्याच ग्रुपवर हेही टाक: जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 साली जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो.

आणि आठवड्याच्या सुट्टीमागचं आपल्या गावचं एक नाव तुला ठाऊक असायला हवं. नारायण मेघाजी लोखंडे 1848 साली ठाण्यात जन्मले. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक, आणि मुंबईच्या गिरणीत नोकरी केल्यामुळे कामगारांचे हाल जवळून पाहिलेले. गिरण्या तेव्हा सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत, आठवड्याची सुट्टी नव्हती. 1884 मध्ये लोखंड्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारी आयोगाकडे दिलं. त्यातल्या दोन मागण्या वाच: रविवारी पूर्ण सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती. एप्रिल 1890 मध्ये महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले, दोन बाया उठून बोलल्या, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे 1897 मध्ये मुंबईतल्या प्लेगच्या साथीत लोखंडे गेले.

एसटीत आमची सुट्टी बहुधा मधल्याच वारी यायची, पण त्या दिवशी ड्युटीच्या यादीत आपलं नाव नाही हे पक्कं ठाऊक असायचं. तुझाही वार कोणताही असो, तो आधी ठरव आणि घरी-ऑफिसात सगळ्यांना सांगून टाक. ही सुट्टी साहेबाने खूश होऊन दिलेली नाही, ठाण्याच्या एका माणसाने आणि हजारो गिरणीकामगारांनी सहा वर्षं झगडून मिळवली आहे. ती कोणी गोड बोलून मागितली तरी देऊ नकोस.

तुझा,
मामा